ऑपरेशननंतरची मळमळ आणि चक्कर: पेशंटसाठी आणि सोबत राहणाऱ्यांसाठी

इंदूरच्या दवाखान्यात भूल उतरत असताना मराठी घरातली आजी सिस्टरला सांगते, "घबराहट हो रही है." सिस्टर नाडी बघते, बीपी बघते, "सब ठीक है अम्मा" म्हणते आणि पुढच्या पलंगाकडे वळते. दोन मिनिटांत चादरीवर उलटी. यात चूक कोणाचीच नाही. माळव्यात 'घबराहट' म्हणजे भीती, धडधड आणि मळमळसुद्धा. आपण घरात मळमळतंय, ढवळतंय, उमासे येतायत असं नेमकं बोलतो, आणि हिंदीत सांगताना सगळं एकाच शब्दात कोंबतो.

म्हणून पहिली तयारी शब्दांची. मळमळत असेल तर "उल्टी जैसा लग रहा है" म्हणा. चक्करचे प्रकार वेगळे सांगा. खोली फिरतेय असं वाटत असेल तर "सब घूम रहा है", आणि उठल्याबरोबर अंधारी येत असेल तर "उठते ही आँखों के सामने अँधेरा आ रहा है". पहिल्यात कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा किंवा औषधांचा संबंध असतो. दुसऱ्यात बहुतेक वेळा बीपी खाली आलेलं असतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि नुसतं "चक्कर" म्हटलं की सिस्टरला अंदाज बांधावा लागतो. शून्य ते दहा या मापात किती, तेही सांगा. आणि मळमळ तीन-चारवर असतानाच सांगा, उलटीची वाट बघू नका. शिरेतून दिलेल्या इंजेक्शनलाही काम करायला काही मिनिटं लागतात.

कोणाला जास्त त्रास होतो

भुलीचे वायू, मॉर्फिन-फेंटानिल-ट्रामाडॉल जातीची वेदनाशामकं आणि खुद्द ऑपरेशन हे तिन्ही मिळून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला डिवचतात. दुर्बिणीतून केलेलं पित्ताशयाचं किंवा गर्भाशयाचं ऑपरेशन, मधल्या कानाचं ऑपरेशन, लहान मुलांच्या तिरळेपणाचं ऑपरेशन यांत हे जास्त दिसतं. १९९९ साली आप्फेल या जर्मन भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी चार प्रश्नांचं एक सोपं माप मांडलं, ते आजही वापरात आहे. पेशंट स्त्री आहे का? धूम्रपान न करणारी व्यक्ती आहे का? गाडी लागते का, किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का? ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी औषधं लागणार आहेत का? एकालाही 'हो' नसेल तर शक्यता साधारण १० टक्के, एकाला २०, दोनला ४०, तीनला ६० आणि चारही 'हो' असतील तर जवळपास ८० टक्के.

(सिगारेट ओढणाऱ्यांना मळमळ कमी होते हे खरं आहे. पण भुलीनंतर त्यांच्या छातीत जो कफ साठतो तो बघितला तर हा फायदा कोणी मोजणार नाही.)

ऑपरेशनच्या आधी

निम्मी लढाई इथेच असते. भूलपूर्व तपासणीला, म्हणजे दवाखान्यात ज्याला पीएसी म्हणतात त्याला, लोक रक्ताचे रिपोर्ट घेऊन जातात आणि विचारलं तेवढंच बोलतात. न विचारता सांगायच्या गोष्टी या: घाटात गाडी लागते, मागच्या सिझेरियननंतर दिवसभर उलट्या झाल्या होत्या, कानाचा चक्कर येण्याचा जुना त्रास आहे, बीपीची कोणती गोळी चालू आहे, हृदयाच्या ठोक्यांची काही तक्रार आहे का. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी आठवड्याचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं. माहिती मिळाली की भूलतज्ज्ञ भुलीची पद्धत बदलू शकतात, वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध चालू ठेवू शकतात, आणि सुरुवातीला डेक्सामेथासोन व शेवटी ऑन्डान्सेट्रॉन अशी उलटी रोखणारी, वेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन औषधं देऊ शकतात. डेक्सामेथासोननंतर मधुमेह्यांची साखर एखादा दिवस चढलेली दिसते. तेव्हा घाबरू नका, पण मोजत राहा.

उपाशी राहण्याचा हिशोब मोठ्या माणसांसाठी सर्वसाधारणपणे असा: हलकं जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, तळलेलं किंवा तुपकट आठ तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा म्हणजे दूध, पाणी नव्हे. "अर्धाच कप घेतला" हे लपवू नका, कारण भूल देताना जठरातलं दूध फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. ऑपरेशनच्या सकाळी कोणी खजराना गणपतीचा लाडू आणला तर तो डोक्याला लावून डब्यात ठेवा, गणपतीला घाई नसते. उलट बाजूने, "रात्री बारानंतर घोटभर पाणीही नाही" असं घरच्या घरी कडक करू नका. दुपारी दोनच्या ऑपरेशनसाठी चौदा तास कोरडं राहिलेला पेशंट नंतर हमखास गरगरतो. पाणी किती वाजेपर्यंत चालेल हे भूलतज्ज्ञांकडून घड्याळाच्या वेळेत लिहून घ्या. गरोदरपण, जुना मधुमेह, जळजळ किंवा आतड्याची अडचण असेल तर हिशोब वेगळा असतो. बीपीची आणि साखरेची कोणती गोळी सकाळी घ्यायची आणि कोणती नाही, तेही त्याच कागदावर.

पिशवीत टाकायचं: तीन-चार जाड पॉलिथिनच्या पिशव्या, छोटा टॉवेल, चमचा, मागे पट्टा असलेली चप्पल आणि छातीशी धरता येईल अशी लहान उशी. चमचा स्ट्रॉपेक्षा बरा, स्ट्रॉने पोटात हवा जाते. उशीचं काम पुढे येईल.

वॉर्डात आल्यावरचे पहिले तास

मनाई नसेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू तीस अंश उचला. मान सारखी फिरवू नका. ट्रॉलीवरून पलंगावर घेताना नजर एकाच ठिकाणी लावा. आजूबाजूला चार माणसं उभी राहून प्रश्न विचारत असतील तर पेशंट प्रत्येकाकडे मान वळवतो आणि तिथेच उमासे सुरू होतात. एकाने बसावं, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. शेजारच्या पलंगावरचा फोडणीचा डबा ही दुसरी अडचण. पडदा ओढा, खिडकी उघडा.

मग श्वास. नाकाने सावकाश आत, क्षणभर थांबून तोंडाने बाहेर. दहा-बारा वेळा. याच्या जोडीला एक साधी युक्ती आहे: इंजेक्शनच्या आधी पुसतात तो स्पिरिटचा छोटा स्वॅब. पाकीट फोडून तो नाकापासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरा आणि तीन खोल श्वास घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या या वासाने मळमळ लवकर ओसरते असं अभ्यासांत आढळलं आहे. काही मिनिटांनी पुन्हा करता येतं. ऑक्सिजनचा मास्क लागलेला असेल तर सिस्टरला विचारल्याशिवाय नको. लहान मुलांना नको, आणि नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर अजिबात नको.

मनगटावरचा बिंदूही उपयोगी आहे. पेशंटचीच तीन बोटं (तर्जनी, मधलं, अनामिका) दुसऱ्या हाताच्या मनगटाच्या आतल्या बाजूला आडवी ठेवा. अनामिकेची कड मनगटाच्या वळीला लागली पाहिजे. तर्जनी जिथे संपते तिथे, मधोमध दोन शिरांसारखे ताठ स्नायुबंध लागतात. त्यांच्या बेचक्यात अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा, दुखेल इतकं नाही पण अंगठा रुतेल इतकं. चूक होते ती जागेची: लोक वळीवरच दाबतात. सलाईन लावलेला हात सोडून द्या.

उलटी येतेच आहे असं वाटलं की पेशंटला कुशीवर वळवा, गुडघे थोडे दुमडा, किडनी ट्रे गालाला टेकवा. पाठीवर झोपून उलटी कधीही नाही. पोटावर टाके असतील तर ती लहान उशी दोन्ही हातांनी टाक्यांवर घट्ट धरायची, म्हणजे कळ कमी येते. नंतर चूळ भरून टाका, पाणी गिळू नका. अर्धा तास पोटाला काही देऊ नका. ट्रे लगेच ओतून टाकू नका, सिस्टरला रंग दाखवा. पिवळसर पाणी नेहमीचं. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट किंवा लाल असेल, किंवा पोट फुगून हिरवी उलटी पुन्हापुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना तेव्हाच बोलवायला सांगा. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तर उमासे आल्याबरोबर सांगा, जोराने ओकल्याने डोळ्यावर दाब येतो.

औषधांबद्दल

ऑन्डान्सेट्रॉन सगळ्यात जास्त वापरलं जातं, मोठ्यांना बहुधा ४ मिलिग्रॅम. त्याने डोकं दुखू शकतं आणि बद्धकोष्ठ होतं. एमसेट आणि ऑन्डेम ही दुकानातली दोन नावं, औषध एकच, त्यामुळे "एक लागू पडली नाही म्हणून दुसरी" असं करणं म्हणजे डोस दुप्पट करणं. जिभेवर विरघळणारी गोळी असेल तर हात कोरडे करून, पाकिटाची पाठ सोलून काढा. दाबून बाहेर काढली तर चुरा होतो.

पेरिनॉर्म, म्हणजे मेटोक्लोप्रामाइड हे उलटीवरचं दुसरं औषध, घेतल्यावर कोणाकोणाचा जीव एकदम तळमळतो, पलंगावर बसवत नाही. क्वचित मान किंवा जबडा वाकडा होतो, तरुण मुलींमध्ये जास्त. घरच्यांना वाटतं झटका आला. तसं नाही, त्यावर इंजेक्शन असतं आणि लवकर उतरतं. फक्त लगेच सांगा, आणि त्या औषधाचं नाव जन्मभर लक्षात ठेवा.

घरी आल्यावर मळमळीचं खरं कारण पुष्कळदा ट्रामाडॉल निघतं. ते रिकाम्या पोटी नको. त्रास होत असेल तर सर्जनला विचारून पॅरासिटामॉलवर भर देता येतो. पण दुखणं अंगावर काढू नका, तीव्र वेदनेनेही मळमळतं. पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी मात्र खाण्याच्या अर्धा तास आधीची. औषधांची ही उलटसुलट वेळ डिस्चार्ज कार्डावरच्या इंग्रजीत हरवते. मेडिकलवाल्याकडून पट्ट्यांवर पेनने लिहून घ्या.

पोटात काय आणि किती

डॉक्टरांनी तोंडाने सुरू करायला सांगितल्यावरच, आणि आतड्याचं ऑपरेशन असेल तर एक चमचाही स्वतःच्या मनाने नाही. सुरुवात दोन चमचे पाण्याने, म्हणजे साधारण १० मिलिलिटर, दर पाच-दहा मिनिटांनी. अर्धा तास टिकलं तर दोन-तीन मोठे घोट. तहान लागली म्हणून ग्लास उपडा केला की सगळं परत येतं. ही चूक आम्ही सगळ्यात जास्त पाहतो आणि ती प्रेमापोटी होते, "बिचारी कालपासून उपाशी आहे" म्हणून.

मग ओआरएस. डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेलं मोठं पाकीट एका लिटरमध्ये अख्खं. अर्धं पाकीट अंदाजे ग्लासात ढवळलं की मीठ कमी-जास्त होतं. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे पेशंट असतील तर आधी विचारा, नारळपाण्याबद्दलसुद्धा.

त्यानंतर पेज. दोन मोठे चमचे तांदूळ, तीन कप पाणी, कुकरला पाच-सहा शिट्ट्या, घोटून गाळून चिमूटभर मीठ. तूप-जिरं नाही. कोमट द्या, कारण गरम पदार्थाचा वास जास्त उठतो आणि मळमळणाऱ्या माणसाला चवीच्या आधी वासच लागतो. पेज टिकली की मऊ भात, वरणाचं पाणी, टोस्ट. दर दोन तासांनी अर्धी वाटी, तीन वेळचं ताट नाही. आलं चालतं: सेंटीमीटरभर तुकडा ठेचून कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि घोट घोट घ्या. फायदा होतो, पण माफक. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारून.

आणि इथे इंदूरची खास गडबड. बाहेरगावचे डॉक्टर किंवा फोनवरचा भाचा सांगतो "शिकंजी द्या", त्याच्या डोक्यात लिंबूपाणी असतं. आपल्याकडे शिकंजी म्हणजे दुधाची, सुक्या मेव्याची, चमच्याने खायची. ती पहिल्या दिवशी पोटात गेली तर रात्र कठीण जाते. लिंबूपाणीच म्हणा, आणि जीरावन मसाला न घालता. भेटायला येणाऱ्यांचे पोहे-जलेबी चार दिवस सोबत राहणाऱ्यांनीच खावेत.

पहिल्यांदा उठताना

ऑपरेशनमध्ये थोडं रक्त गेलेलं, उपास, वेदनाशामकं, पाठीतली भूल, आणि पडून राहिल्याने सैल झालेल्या रक्तवाहिन्या. अशात ताडकन उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि डोक्याला कमी पडतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर ही भोवळ त्याचीच. पहिलं उठणं सिस्टरसमोरच. क्रम असा:

१. पाठीतून भूल दिली असेल तर आधी दोन्ही गुडघे दुमडून आणि टाच उचलून दाखवा. हे जमत नसेल तर उभं राहायचं नाही, संवेदना आली असली तरी.

२. पलंगाची पाठ उचलून पाच-दहा मिनिटं बसतं राहा. पावलं वर-खाली वीस वेळा हलवा, पोटऱ्या आवळल्या पाहिजेत.

३. कुशीवर वळा, पाय पलंगाबाहेर सोडा, आणि त्याच वेळी कोपराने रेटा देऊन उठा. सरळ उताण्यातून उठाल तर टाक्यांवर ताण येतो, श्वास रोखला जातो आणि भोवळ येते.

४. तळवे जमिनीला किंवा पाटाला टेकवून दोन ते पाच मिनिटं बसा. पलंग उंच असेल आणि पाय लोंबकळत असतील तर खाली स्टूल द्या.

५. उभं राहून मिनिटभर जागीच थांबा. मग चाला. सोबतच्याने समोरून हात ओढायचे नाहीत, बाजूला आणि किंचित मागे राहायचं, एक हात कमरेमागे.

अंधारी आली, कान बंद झाल्यासारखे वाटले, जांभया किंवा थंड घाम आला की तिथेच खाली बसा. "बाथरूम दोन पावलांवर तर आहे" हेच वाक्य पडण्याच्या आधीचं असतं. पेशंट कोसळतोच आहे असं वाटलं तर त्याला उभा धरून ठेवू नका, आपल्या मांडीवरून सरकवत जमिनीवर आडवा करा, पाय फूटभर उचला. तोंडात पाणी घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, सिस्टरला हाक मारा.

मधुमेही पेशंटला घाम येऊन थरथर होत असेल तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल, शुद्ध असेल आणि तोंडाने घ्यायला परवानगी असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

बाथरूमची कडी लावायची नाही. पुरुषांनीही पहिले दोन दिवस बसूनच लघवी करावी. घरी देशी संडास असेल तर उकिडवं बसून उठताना घात होतो, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. अंघोळीला परवानगी मिळाल्यावर स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. कढत पाण्याने रक्तवाहिन्या आणखी सैल होतात.

पाठीतल्या भुलीनंतर पहिल्या काही दिवसांत डोकं बसल्यावर ठणकत असेल आणि आडवं पडल्यावर थांबत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपतं. भरपूर पाणी, चहा-कॉफी आणि साध्या गोळीने बहुतेकांचं बरं होतं. नाही झालं तर भूलतज्ज्ञांकडे त्यावर इलाज आहे. "वारं लागलं" म्हणून कान बांधून बसू नका.

घरी जाताना आणि नंतर

खंडवा, सनावद, बडवाहकडे जाणाऱ्यांना भेरू घाट लागतो, आणि तिथली वळणं निरोग्यालाही सोडत नाहीत. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, आणि कोणती ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून ठेवा. पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे, नजर दूर रस्त्यावर, मोबाइल बंद. पट्टा टाक्यांवर येत असेल तर मध्ये टॉवेलची घडी, पण पट्टा लावायचाच. गाडीतलं सुगंधी फ्रेशनर काढून ठेवायला सांगा. भुलीनंतर चोवीस तास स्कूटर, गॅसची शेगडी आणि सह्यांची कागदपत्रं लांब.

दवाखान्यात फोन करायची वेळ: सहा-आठ तास पाण्याचा घोटही टिकत नाही किंवा लघवी झालेली नाही, उलट्या चोवीस तासांपुढे चालू आहेत, पोट फुगलंय आणि गॅस सरत नाही, ताप १०१ च्या वर, जखमेतून रक्त, खोली सतत फिरतेय. थांबायचंच नाही, १०८ ला फोन लावायचा: छातीत दुखणं, धाप, बेशुद्धी, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं. एका पोटरीला सूज येऊन दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

डिस्चार्ज घेताना भूल कोणती दिली आणि उलटीसाठी कोणतं औषध लागू पडलं हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा, आणि त्याचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ सगळ्यात आधी तेच विचारतील, आणि कागद तोवर माळ्यावरच्या ट्रंकेत गेलेला असतो.